गाठ, खपली आणि खरूज : गुरांच्या कातडीचे आजार

वऱ्हाडातल्या गुरांच्या कातडीला दोन हंगाम जड जातात. पहिला पावसाळ्याचा. काळ्या मातीचा चिखल पोटापर्यंत चढतो, अंग दिवसदिवस वाळत नाही आणि गोठ्यात माशा, डास, गोचीड यांचे राज्य चालते. दुसरा हिवाळ्याचा. थंडीमुळे जनावरे एकमेकांना खेटून बांधली जातात, वासरे अंधाऱ्या कोपऱ्यात राहतात आणि एकाचे दुसऱ्याला लागते. अकोला-अमरावतीचा पंचेचाळीस अंशांवर जाणारा उन्हाळा मात्र बुरशीला फारसा मानवत नाही. त्यामुळे आजार कोणत्या महिन्यात दिसला, एवढ्यावरूनही निदानाची अर्धी वाट सापडते.

कातडीवर काहीही उमटले तरी औषधाला हात घालण्यापूर्वी पाच गोष्टी बघाव्या लागतात. ताप आहे का? गुरांचे नेहमीचे तापमान सुमारे १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते आणि ते गुदद्वारात थर्मामीटर लावून मोजतात. कान गरम लागणे हे मोजमाप नव्हे. विकार अंगावर कुठे आहे : डोळ्यांभोवती, शेपटीच्या बुडाशी, पाठीवर की सडांवर? तो वरवरचा आहे की कातडीच्या पूर्ण जाडीत उतरलेला? खाज आहे की नाही? आणि एकाच जनावराला झाला आहे की रांगेने बांधलेल्या सगळ्यांना? या पाच उत्तरांनी बहुतेक रोग वेगळे काढता येतात. हे न बघता प्रत्येक खपलीवर तेच मलम आणि प्रत्येक गाठीवर तेच इंजेक्शन, ही पद्धत गावोगाव रुळलेली आहे आणि पैसा वाया जाण्याचे ते मोठे कारण आहे.

गाठीची गोष्ट लम्पीपासून सुरू करणे भाग आहे. २०२२ नंतर वऱ्हाडात गुराच्या अंगावर काही वर आले की ते लम्पीच, असा समज झाला. तो निराधार म्हणता येत नाही. लम्पी चर्मरोग प्रथम १९२९ साली आफ्रिकेत, आजच्या झांबियात, नोंदला गेला. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात आढळला, २०२० मध्ये विदर्भात गडचिरोलीकडून शिरला आणि ४ ऑगस्ट २०२२ रोजी जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातल्या चिनावल येथे पुन्हा दिसला. तिथून पूर्णेच्या खोऱ्यातून बुलढाणा, अकोला, अमरावती हे अंतर रोगाने काही आठवड्यांतच कापले. सप्टेंबरमध्ये २००९ च्या प्राण्यांमधील सांसर्गिक रोग प्रतिबंधक कायद्याखाली सगळे राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले, गुरांचे बाजार बंद पडले आणि एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जनावर नेण्यावर बंदी आली. विसाव्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे १ कोटी ३९ लाख गोवंश होता. एवढ्या जनावरांना घरोघर जाऊन लस टोचण्याचे काम त्या पावसाळ्यात आणि हिवाळ्यात झाले. दगावलेल्या गायीमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत ठरली होती.

हा विषाणू देवीच्या कुळातला, शेळ्या-मेंढ्यांच्या देवीचा सख्खा नातलग. म्हणूनच शेळ्यांच्या देवीची लस गायींना देऊन काम भागले. तो मुख्यतः चावणाऱ्या माशा, डास आणि गोचीड यांच्यामार्फत पसरतो. संसर्ग झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत साधारण चार ते चौदा दिवस जातात, कधी याहून जास्त. आधी ताप येतो, १०४ ते १०६ अंशांपर्यंत. डोळ्यांतून व नाकातून पाणी वाहते, जनावर खाणे सोडते, दूध एकाएकी उतरते. खांद्यापुढच्या आणि मांडीपुढच्या लसिकाग्रंथी हाताला सहज लागतील इतक्या फुगतात. मग दोनेक दिवसांत डोके, मान, पाय, कास आणि जननेंद्रियांच्या भागावर दोन ते पाच सेंटिमीटरच्या गोल, टणक गाठी उठतात. त्या कातडीच्या पूर्ण जाडीत असतात. चिमटीत धरून हलवली तर गाठ कातडीसकट हलते. पुढे गाठीचा मधला भाग मरतो, भोवती कडे पडते, तो गड्डा गळून खोल जखम उरते. पाय आणि गळ्याखालची पोळी सुजली तर जनावर बसून राहते. कितीतरी बैलांना खऱ्या अर्थाने निकामी केले ते या सुजेने. गाठी बऱ्या झाल्या तरी चाल परतली नाही. सहसा बाधित जनावरांपैकी शंभरात एक ते पाच दगावतात. वासरे आणि संकरित गायी यांत जास्त सापडतात. म्हशींना हा रोग क्वचित होतो, त्यामुळे पूर्णाथडी म्हैस बांधलेल्या गोठ्यात गायच आजारी दिसते. माणसाला लम्पी होत नाही आणि उकळलेले दूध पिण्यास हरकत नसते.

लम्पीवर विषाणू मारणारे औषध नाही. उपचार म्हणजे शुश्रूषा आणि मागून येणाऱ्या जिवाणूंना अडवणे. ताप व वेदनेसाठी मेलॉक्सिकॅमसारखे औषध आणि जखमा चिघळू नयेत म्हणून पशुवैद्यकाने ठरवलेले प्रतिजैविक पाच-सात दिवस पूर्ण द्यावे लागते. दोन दिवसांनी बरे वाटले म्हणून थांबवणे हा पैसे वाचवण्याचा मार्ग नाही. तोंडात फोड असतील तर कडबा आणि कुटार बाजूला ठेवून मऊ हिरवा चारा, ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील आणि गुळाचे पाणी द्यावे. फुटलेल्या गाठी पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्याने धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावावे आणि त्यावर माशी बसू नये म्हणून कडुलिंबाचे तेल फिरवावे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने घरगुती उपायही सुचवला होता : पोटात देण्यासाठी दहा विड्याची पाने, दहा ग्रॅम मिरे, दहा ग्रॅम मीठ आणि गूळ, वरून लावण्यासाठी कुप्पी, कडुलिंब, तुळस व मेंदीचा पाला, लसूण आणि हळद तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात उकळून. हा उपाय जनावराला सोसतो आणि स्वस्तही पडतो, पण तो औषधाच्या जोडीला. सुजलेल्या, आडव्या पडलेल्या बैलाला विड्याच्या पानांवर ठेवणे अन्यायाचे आहे.

आजारी जनावर वेगळे बांधणे, त्याचे पाणी-दावण वेगळे ठेवणे, गोठ्यात सोडियम हायपोक्लोराइट किंवा फिनाईलचे द्रावण शिंपडणे, संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करणे ही कामे औषधाइतकीच मोलाची आहेत. वाळलेल्या खपलीत हा विषाणू महिनाभर तग धरतो, म्हणून खपल्या झाडून उकिरड्यावर टाकू नयेत, जाळाव्यात. मेलेले जनावर नाल्यात लोटणे किंवा उघड्यावर फेकणे म्हणजे गावाला रोग वाटणे. ते सुमारे आठ फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरतात. लस निरोगी जनावरालाच द्यायची असते. तिची ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. टोचल्यानंतर आठवड्याभरात गाठी उठल्या तर दोष बहुधा लसीचा नसतो, रोग आधीच अंगात असतो. साथीत रोगी गावाभोवती पाच किलोमीटरच्या वर्तुळातली जनावरे आधी टोचतात, कारण आखरावर जमणारे गोहन, म्हणजे गावच्या गुरांचा कळप, दोन-तीन गावांच्या शिवारात मिसळते.

तरीही गाठ म्हणजे लम्पी हे समीकरण खरे नाही. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर, चुकीचा चारा खाल्ल्यावर अंगावर उठणाऱ्या पित्ताच्या गांध्या तासाभरात येतात आणि दिवस-दोन दिवसांत जातात. त्यांत ग्रंथी फुगत नाहीत. डेमोडेक्स नावाच्या किडीमुळे मानेवर-खांद्यावर वाटाण्याएवढ्या गाठी येतात. त्या दाबल्या की पांढरी मेणासारखी लगदी निघते आणि जनावर एरवी ठणठणीत असते. लम्पीची नक्कल करणारा आणखी एक नागीण-कुळातला विषाणू आहे. त्याच्या गाठी वरवरच्या असतात, आजार हलका असतो आणि लवकर ओसरतो. शंका असेल तिथे खपली किंवा रक्ताचा नमुना पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे आणि तिथून गरज पडल्यास भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातो. वऱ्हाडाला अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था जवळची. गुंतागुंतीचे जनावर तिथल्या चिकित्सालयात नेता येते.

गजकर्ण हा वासरांचा आणि हिवाळ्याचा आजार. ट्रायकोफायटॉन नावाची बुरशी केस खाते आणि डोळ्यांभोवती, कानांवर, मानेवर राखाडी, जाड, रुपयाएवढे चट्टे पाडते. चट्टे चुन्याचा लपका वाळल्यासारखे दिसतात. ताप नाही, खाज थोडी किंवा नाहीच. उजेड नसलेला गोठा, कुपोषण आणि जीवनसत्त्व अ ची कमतरता असली की चट्टे पसरतात. उपचार सोपा पण चिकाटीचा आहे. खपली साबणाच्या कोमट पाण्याने मऊ करून काढावी, गोळा करून जाळावी आणि जागेवर आयोडीन किंवा सॅलिसिलिक व बेंझोइक आम्लाचे मलम रोज दोन आठवडे चोळावे. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर बोटभर लावणे महत्त्वाचे, कारण बुरशी बाहेरच्या अंगाला सरकत असते. पोटातून द्यायची बुरशीनाशके मोठ्या जनावरात परवडत नाहीत. उन्हात बांधणे हा मात्र फुकटचा उपचार आहे आणि कोवळ्या उन्हाने बरेच चट्टे आटोक्यात येतात. काहीच उपचार न केले तरी रोग दोन-चार महिन्यांत आपोआप जातो. तोवर खुंटे, दावी आणि घासण्याचा ब्रश यांवर पडलेली बुरशी पुढच्या वासराची वाट बघत महिनोन्महिने राहते. माणसालाही हे लागते. वासराला बिलगणाऱ्या मुलांच्या हातावर गोल चट्टा दिसला तर माणसांच्या दवाखान्यात गोठ्याचा उल्लेख जरूर करावा.

खरूज त्याउलट खाजेचा रोग. जनावर खांबाला, भिंतीला, बाभळीच्या बुंध्याला अंग घासत राहते; केस झडतात, कातडी जाड होऊन सुरकुतते आणि रक्ताळते. कारण असते डोळ्याला न दिसणारी किडी. सारकोप्टेस कातडीत बोगदे करतो आणि त्याची सुरुवात डोके व मानेपासून होते. सोरोप्टेस वरच राहतो आणि म्हशींना जास्त छळतो. कोरिओप्टेस शेपटीच्या बुडाशी व मागच्या पायांवर असतो. चट्ट्याची कड बोथट ब्लेडने रक्त दिसेपर्यंत खरवडून तो कचरा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की किडी दिसते. ही पाच मिनिटांची तपासणी तालुक्याच्या दवाखान्यात होऊ शकते. ती मागून घेण्याची सवय कास्तकारांत आली तर निम्मी मलमे विकत घ्यावी लागणार नाहीत.

खरुजेवर आयव्हरमेक्टिनचे कातडीखालचे इंजेक्शन चांगले लागू पडते. मात्रा वजनाच्या दर किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे एक टक्क्याच्या औषधाचे दर पन्नास किलोला एक मिलिलिटर. तीनशे किलोच्या बैलाला सहा. किडीची अंडी या औषधाने मरत नाहीत, म्हणून दहा ते चौदा दिवसांनी दुसरी मात्रा लागते आणि ती चुकवली की पहिलीही फुकट जाते. हे औषध चरबीत साठते आणि दुधात उतरते. दुभत्या गायीला ते पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय देऊ नये आणि दिले तर दूध किती दिवस विकायचे नाही हे त्याच्याकडूनच समजून घ्यावे. वरवर राहणाऱ्या किडीला फवारा जास्त उपयोगी पडतो. बांधलेल्या सगळ्या जनावरांवर एकाच दिवशी उपचार झाला नाही तर आठ दिवसांत खरूज परत फिरते.

वऱ्हाडात ज्याला गोचडी म्हणतात तो गोचीड स्वतः रक्त पितोच, शिवाय चाव्याच्या जागी जखम करतो आणि तापाचे रोग आणतो. लघवी कॉफीसारखी लाल झाली तर बबेसियाची, ताप आणि सुजलेल्या ग्रंथी असतील तर थायलेरियाची शंका घ्यावी. गवळाऊ गाय, जी वर्धा जिल्हा आणि लगतच्या अमरावतीच्या पट्ट्यातली, तिच्या अंगावर गोचीड कमी टिकतो. जर्सी-होल्स्टीनचे संकर याबाबत हळवे. एक मादी दोन-तीन हजार अंडी भिंतीच्या भेगांत घालते. त्यामुळे जनावरावरचे गोचीड वेचून गोठा तसाच ठेवला तर काम अर्धेच झाले. भेगा बुजवणे, चुना मारणे आणि गोठ्यात कोंबड्या सोडणे हे जुने उपाय अजूनही काम करतात. साडेबारा टक्के अमिट्राझ एक लिटर पाण्यात दोन मिलिलिटर, या प्रमाणात जनावर व गोठा दोन्ही फवारून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारावे. जनावराला आधी पोटभर पाणी पाजावे, म्हणजे ते अंग चाटत नाही.

इथे कापूसपट्ट्याची एक खास विकृती सांगायला हवी. घरात कपाशीचे कीटकनाशक असते, गोचीडही कीटकच, तेव्हा तेच औषध अंगावर ओतले जाते. यांतल्या फॉस्फरसयुक्त विषांनी जनावराच्या तोंडाला लाळ सुटते, पातळ हगवण लागते, स्नायू थरथरतात, बाहुल्या बारीक होतात आणि श्वास अडकून ते मरते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना माणसे दगावली होती. गुरांची अशी मरणे मात्र कोणी मोजत नाही. असे झाले तर अंग लगेच साबणाने भरपूर धुवावे आणि ॲट्रोपिनसाठी पशुवैद्यकाला बोलवावे. जळके ऑइल चोपडणे आणि तापलेल्या सळईने डागणे याच जातीचे उपाय. त्यांनी कातडी जळते, रोग तसाच राहतो.

झडीच्या पावसात पाठीवरचे केस ओल्या कुंच्यासारखे चिकटून त्यांच्या बुडाशी पिवळट खपल्या धरतात. झुपका उपटला की खाली पू आणि ओली, गुलाबी कातडी दिसते. हा डर्माटोफिलस नावाच्या जिवाणूचा रोग, आणि पुष्कळदा तो गजकर्ण समजून बुरशीच्या मलमाने ‘बरा’ केला जातो. बुरशीनाशक इथे काही करत नाही. पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनचे तीन ते पाच दिवस किंवा दीर्घकाळ टिकणारे ऑक्सिटेट्रासायक्लिन हा उपाय. मऊ करून काढलेल्या खपल्या जाळणे आणि जनावर कोरड्यात बांधणे हे त्याहून आधी.

बैलाच्या खांद्याची जखम स्वतः संसर्ग नाही, पण संसर्गाचे दार आहे. आषाढ-श्रावणात डवरणीचे काम जोरात असते. ओल्या खांद्यावर जू घासते, जोडीतल्या बैलांची उंची कमी-जास्त असेल तर एकावर भार येतो आणि नव्याने जुंपलेल्या गोऱ्ह्याची कातडी पटकन सोलते. आधी सूज, मग पू. पहिले दोन दिवस गार पाण्याची पट्टी, नंतर गरम शेक, आणि गळू पिकले तर पशुवैद्यकाकडून चिरा. बैल जुंपत राहिला तर कोणतेही मलम लागू पडत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला हळद-तुपाने खांदा शेकतात. कष्टाच्या महिन्यांनंतर हा उपचार योग्य वेळी येतो, फक्त उघड्या, पू असलेल्या जखमेवर तूप चोळू नये.

उघड्या जखमेवर माशीने अंडी घातली की दिवसभरात अळ्या पडतात. कानात पशुआधारचा बारा अंकी पिवळा बिल्ला मारलेली जागा, नुकत्याच जन्मलेल्या वासराची बेंबी, शिंगाची मोडलेली मुळे आणि व्यायलेल्या गायीचे मागचे अंग, ही माशीची आवडती ठिकाणे. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला बोळा दहा-पंधरा मिनिटे ठेवला की अळ्या वर येतात. मग त्या चिमट्याने एकेक काढून जखम धुवावी, आयोडीन व माशी दूर ठेवणारे औषध लावावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे, कारण खोलवर बसलेल्या अळ्या पहिल्या वेळी निघत नाहीत. वासराच्या बेंबीला जन्मल्याबरोबर आयोडीन लावले तर तिथे बहुतेक वेळा हे सगळे टळते.

सडांवर आणि कासेवर येणारे, खपली धरणारे फोड ही देवी. १९८५ ते १९८७ या काळात महाराष्ट्रात म्हशींच्या देवीची साथ अभ्यासली गेली, तेव्हा दूध काढणाऱ्यांच्या हातावरही फोड आढळले. अशी म्हैस सगळ्यांत शेवटी पिळावी, आधी व नंतर हात धुवावेत, सड परमँगनेटच्या पाण्याने पुसून ग्लिसरीन किंवा बोरोग्लिसरीन लावावे. फोडांमुळे सड दुखतो म्हणून दूध अर्धवट सोडले की कासदाह होतो, आणि तो मूळ रोगापेक्षा महाग पडतो.

संसर्ग नसलेला एक विकार नेहमी या रांगेत घुसतो. मेळघाटाच्या पायथ्याशी घाणेरी खाल्लेल्या जनावराचे यकृत बिघडते आणि कातडी उन्हाने भाजते. सोललेली कातडी फक्त पांढऱ्या ठिपक्यांपुरती असते, काळा भाग शाबूत राहतो. त्या सीमारेषेवरून ओळख पटते. जनावर सावलीत बांधणे, घाणेरीच्या रानात न सोडणे आणि यकृताचा इलाज करून घेणे एवढेच करायचे असते. प्रतिजैविकांची गरज पडते ती सोललेली जागा चिघळली तरच.

वासरांच्या मानेवर व डोक्यावर आणि गायींच्या कासेवर उगवणारी मस विषाणूची असते, बहुधा काही महिन्यांत स्वतःच गळते आणि म्हणूनच प्रत्येक उपाय यशस्वी ठरतो. डोळ्यावर किंवा सडाच्या तोंडाशी आली तरच ती काढावी लागते. जनावराच्या वेदनेसाठी डायक्लोफेनॅक मात्र कोणत्याही त्वचारोगात द्यायचे नाही. गिधाडांच्या जीवावर उठल्यामुळे ते जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे. ताप, सुजलेल्या ग्रंथी आणि गाठी अशी तिन्ही लक्षणे एकत्र दिसली, किंवा दोन दिवसांत तिसरे जनावर आजारी पडले, तर १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फोन केल्यावर फिरते पशुचिकित्सा पथक गोठ्यापर्यंत येते.